खुराड्यात थंडीपेक्षा ओल घातक

हिवाळा तोंडावर आला की आमच्या दुकानी कापडाच्या गिऱ्हाइकाबरोबर आणखी एक गिऱ्हाईक येऊ लागते. त्याला कापड नको असते. सुताच्या मालावरचे जुने बारदान आणि ताग्यांवर गुंडाळून येणारे प्लास्टिक त्याला हवे असते, आणि तेही कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरी आठ-दहा कोंबड्या असणे ही जुनी रीत आहे. तिचा सारा कारभार बहुधा घरातल्या बायकांकडे असतो. अंडी घरात खपतात, उरलेली शेजारीपाजारी विकली जातात, आणि मंदीत माग बंद राहिले की त्याच पैशातून मीठ-मिरचीचा खर्च निघतो. हिवाळ्यात अंड्याचा भाव चढा असतो, आणि गावरान अंड्याला तर फार्मच्या अंड्यापेक्षा केव्हाही जास्त मोल मिळते. पण ज्या महिन्यांत दोन पैसे जास्त मिळायचे, नेमक्या त्याच महिन्यांत कोंबड्या शिंकू लागतात, अंडी आटतात आणि एखादी सकाळी मेलेली सापडते. घरचे म्हणतात, थंडीने मेली. मग आणखी बारदान, आणखी प्लास्टिक.

आमचा अनुभव असा की यातल्या बहुतेक कोंबड्या थंडीने मरत नाहीत. त्या बंद खुराड्यातल्या ओलीने आणि खराब हवेने मरतात, आणि ती ओल थंडीच्या भीतीने आपणच आत कोंडलेली असते. ही गोष्ट नीट समजली तर इलाज फार स्वस्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी थंडीचा हिशेब पाहू. मालेगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला तो पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात आणि द्राक्ष बागायतदार रात्र रात्र शेकोट्या पेटवून बसतात. माणसाला ही थंडी बोचते. कोंबडीचे मात्र तसे नाही. तिच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंश जास्त, आणि अंगावर वर्षभर रजई पांघरलेली. पूर्ण पिसे आलेली, पोटभर खाल्लेली, कोरडी कोंबडी आपल्याकडची थंडी बिनतक्रार काढते. ज्या मुलखात बर्फ पडतो तिथेही लोक कोंबड्या पाळतातच.

रजई हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. रजईत ऊब कशाची असते? कापसाची नव्हे, कापसाच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची. दोन-चार हिवाळे वापरून रजई चपटी झाली की तिच्यात कापूस तेवढाच असतो, तरी ऊब निघून जाते. मग पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. तो कापूस पिंजून पुन्हा फुगवतो, म्हणजे त्यात हवा भरून देतो. कोंबडी हेच काम स्वतः करते. थंडी वाजली की ती पिसे फुगवते आणि गोळा होऊन बसते. वरच्या पिसांखाली जी बारीक मऊ लव असते तिच्यात हवेचा थर अडकतो आणि अंगाची ऊब आतच राहते.

या रजईला दोन गोष्टी निकामी करतात. एक म्हणजे ओल. भिजलेली रजई अंगावर घेऊन कोणी झोपत नाही, उलट ती अंगातली ऊब शोषून घेते. दुसरी म्हणजे वाऱ्याचा झोत. बसलेल्या कोंबडीच्या अंगावर फटीतून सरळ वारा आला तर तो पिसे उचकटतो आणि आतली ऊबदार हवा पळवून नेतो. लोकांना झोत कळतो, कारण तो आपल्या हाताला लागतो. ओल कळत नाही. म्हणून लोक झोत बंद करायला निघतात आणि त्याबरोबर हवाच बंद करून टाकतात.

ही ओल येते कुठून? पाऊस तर नाही. ती कोंबड्यांच्या अंगातूनच येते. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. दहा कोंबड्यांचे झाले दोन-अडीच लिटर. अंड्यातून जाते ते थोडे, बाकी सगळे श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते. ताज्या विष्ठेत तीन हिस्से तर पाणीच असते. हिवाळ्याची रात्र मोठी, कोंबड्या संध्याकाळी साडेपाच-सहाला आत गेल्या की सकाळपर्यंत बारा-तेरा तास आतच. म्हणजे आमच्या अंदाजाने दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज रात्री लिटरभर पाणी तरी आतल्या आत पडते. चारी बाजूंनी प्लास्टिक लावले तर ते जाणार कुठे?

ते पत्र्यावर जाते. पहाटे पत्रा बर्फासारखा गार असतो, त्याला आतली दमट हवा लागली की तिचे थेंब होतात आणि खाली कोंबड्यांच्या पाठीवर व गादीवर गळतात. सकाळी पत्र्याला आतून बोट लावून पाहावे. बोट ओले झाले तर खुराडे आजारी आहे असे समजावे, कोंबड्या अजून बऱ्या दिसत असल्या तरी.

ओल्या गादीत विष्ठा कुजली की अमोनिया सुटतो. डोळ्याला झोंबणारा तो उग्र वास सर्वांना ठाऊक आहे. कोंबडीच्या श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जंतू बाहेर लोटतात. अमोनियाने ते आधी निकामी होतात. मग कुठलाही साधा जंतू सहज आत शिरतो, सर्दी होते, घरघर लागते, डोळ्यांत फेस येतो. आपण उभ्याने दारात डोकावतो तेव्हा वास थोडाच येतो, कारण बाहेरची हवा नाकाशी असते. खाली वाकून, कोंबडी जिथे बसते त्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्यावा. तिथे आपले डोळे झोंबत असतील, तर ती बिचारी बारा तास तेच ओढत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी असाच प्रकार झाला. घरातली दोन्ही मुले मागावर, आई चौदा कोंबड्या सांभाळायची. डिसेंबरात तीन आठवड्यांत त्यांच्या पाच कोंबड्या गेल्या. खाला दुकानावर आल्या आणि म्हणाल्या, "भाई, अजून दोन बारदाने द्या. रात्री हवा लागते कोंबड्यांना, रोज एक शिंकते." आम्ही विचारले, "खाला, आधीच काय काय लावले आहे?" तर बारदानावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुनी ताडपत्री, आणि दाराला आतून सतरंजी. आम्ही म्हणालो, "बारदान देतो, पण सकाळी दार उघडायच्या वेळी आम्ही येऊन पाहतो." सकाळी सतरंजी बाजूला केली तर गरम, ओली वाफ तोंडावर आली. पत्र्याला मोत्यांसारखे थेंब, गादी पायाखाली चिखल, आणि डोळ्यांना पाणी. खालांनाच आत वाकायला सांगितले. त्या लगेच मागे झाल्या आणि म्हणाल्या, "या अल्ला, इथे तर मलाच बसवणार नाही." त्याच दिवशी वरच्या अंगाचे सगळे प्लास्टिक कापून काढले आणि गादी बदलली. उरलेल्या नवांपैकी ज्या दोन शिंकत होत्या त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्याचे औषध दिले. नवच्या नव जगल्या, आणि थंडी तर जानेवारीत वाढलीच होती.

आता खुराडे कसे असावे ते सांगतो. आपल्या भागात हिवाळ्याचा वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. म्हणून उत्तर आणि पूर्व बाजू खालपासून कोंबडी बसते त्याच्या वितभर वरपर्यंत पक्की बंद करावी. विटा, फळ्या, जुना पत्रा, बारदान, काहीही चालेल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा उघडी, जाळीची बाजू दक्षिणेला ठेवली तर दिवसा ऊन आतपर्यंत येते. गादी सुकते ती या उन्हानेच. गल्लीत जागा मनासारखी मिळत नाही हे आम्ही जाणतो. निदान खुराड्याचे दार तरी उत्तरेला नसावे.

छपराच्या लगत, समोरासमोरच्या दोन भिंतींना चार-सहा बोटांची लांब फट कायम उघडी ठेवावी. तिला बारीक जाळी मारावी, नाहीतर मांजर, मुंगूस, घूस यांना वाट होते. गरम दमट हवा हलकी असते, ती वर जाते आणि या फटीतून निघून जाते. कोंबड्या फटीच्या खाली बसलेल्या असल्याने त्यांच्या अंगावर झोत येत नाही. खालची फट बंद आणि वरची उघडी, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले. लोक नेमके उलटे करतात. वरचा वारा दिसतो म्हणून वर बोळे कोंबतात, आणि दाराखाली दोन बोटांची भेग तशीच राहते, जिच्यातून रात्रभर पायांवर गार वारा येतो.

पत्र्याचा गारवा मोडायला पत्र्यावर उसाचे पाचट, कडबा किंवा जुनी बारदाने दोन-तीन थरांत टाकून दोरीने बांधावीत. पत्रा कमी गार झाला की थेंब कमी धरतात. कौलारू किंवा पाचटाच्या छपराला ही तकलीफ मुळातच कमी असते. पत्रा आला आणि हा त्रास वाढला, असे जुनी माणसे म्हणतात ते खोटे नाही.

बारदान आणि प्लास्टिक यांतला फरक कापडवाल्याला सांगावा लागत नाही. बारदान श्वास घेते, प्लास्टिक घेत नाही. म्हणून पडदा करायचा तर बारदानाचा किंवा जाड मांजरपाटाचा करावा. तो संध्याकाळी खाली सोडावा आणि सकाळी गुंडाळून वर बांधावा. दवाने पडदा ओला होतो, तेव्हा रोज उन्हात सुकला पाहिजे. ओला पडदा रात्री लावण्यापेक्षा न लावलेला बरा. प्लास्टिक लावायचेच असेल तर फक्त वाऱ्याच्या बाजूला, बाहेरून, आणि भिंतीच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत. छपरापर्यंत नेऊ नये.

गादीविषयी मागाच्या गावातल्या मंडळींना मुद्दाम एक सूचना द्यायची आहे. आपल्याकडे चिंधी, तुटलेले सूत, मागाखालची रुई फुकट मिळते म्हणून पुष्कळ जण तीच खुराड्यात पसरतात. ऊबदार दिसते, पण नुकसान करते. सुताचा धागा कोंबडीच्या पायाला, बोटाला गुंडाळतो, ती चालेल तसा आवळत जातो, आणि आठ दिवसांत बोट काळे पडते. त्याहून वाईट म्हणजे कोंबड्या धागे किड्यांसारखे उचलून गिळतात. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्यांचा गोळा होतो, दाणा पुढे सरकत नाही आणि कोंबडी भरल्या पिशवीने उपाशी मरते. पॉलिस्टरचा धागा तर पोटात कुजतही नाही. रुई ओल धरून गठ्ठा होते, आणि कांजी लागलेल्या सुताला बुरशी चटकन येते. तेव्हा बारदान छपरावर आणि बाहेरच्या अंगाला बेशक वापरा. त्याच्या लोंबणाऱ्या सुतळ्या मात्र कापून कडा दुमडून शिवा. कोंबडीच्या चोचीला आणि पायाला सूत लागता कामा नये.

गादीला भाताचे तूस सर्वांत चांगले. ते नसेल तर वखारीतला लाकडाचा भुसा, पण अगदी बारीक धुळीसारखा नको. भुईमुगाची टरफले चालतात, कोरडी असली तर. बुरशी आलेली टरफले कोंबडीच्या फुफ्फुसाला घातक. उन्हाळ्यात दोन इंच पुरते, हिवाळ्यात चार ते सहा इंच टाकावे. जाड गादी जमिनीचा गारवाही तोडते. रोज सकाळी काठीने किंवा पंजाने वरखाली करावी आणि ओली जागा दिसेल तेवढी उचलून बाहेर टाकावी. गादी बरोबर आहे की नाही हे मुठीत दाबून पाहावे. दाबल्यावर लाडू झाला आणि मोडला नाही, तर ओल जास्त आहे. मूठ उघडताच भुगा पडला तर ठीक. नवी गादी घालण्यापूर्वी मोकळ्या जमिनीवर थोडा चुना भुरभुरावा. गोदामात आम्ही तागे कधी फरशीला टेकवत नाही, खाली फळ्या घालतो. त्याच न्यायाने खुराडेही जमिनीपासून वितभर उंच विटांवर असेल तर फार बरे.

बसायला काठी किंवा बांबू द्यावा. कोंबडी जमिनीवर बसली तर रात्रभर विष्ठेत आणि गारव्यात बसते. काठी फार बारीक नसावी. दोन इंच रुंदीची चपटी पट्टी, कडा घासून गोल केलेली, सर्वांत चांगली, कारण तिच्यावर पाय पसरून कोंबडी छातीची पिसे पायांवर सोडते आणि बोटे झाकली जातात. दर कोंबडीला आठ इंच लांबी धरावी. सगळ्या काठ्या एकाच उंचीवर ठेवाव्यात, नाहीतर वरच्या जागेसाठी भांडणे होतात. जागेचा हिशेब दर कोंबडीला दोन चौरस फूट, म्हणजे चार बाय चार फुटांच्या खुराड्यात आठ. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या गावरान कोंबड्या दहापर्यंत खपतात, त्यापुढे नाही. दाटीवाटीने ऊब येते हे खरे, पण तेवढीच ओलही येते.

खाण्याविषयी फार लिहीत नाही, कारण दाणा टाकण्याच्या बाबतीत आपल्या बायका कंजूष नसतात. एक-दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत. थंडीत अंग गरम ठेवायला कोंबडी जास्त खाते, एरवी शंभर-सव्वाशे ग्रॅम लागत असेल तर आणखी थोडे वाढवावे. संध्याकाळी आत जाण्यापूर्वी अख्खी बाजरी, मका किंवा ज्वारी द्यावी. अख्खा दाणा सावकाश पचतो आणि पचताना अंगात उष्णता तयार होते, ती रात्री कामी येते. दिवाळीच्या सुमारास जुन्या कोंबड्या पिसे टाकतात. पीस जवळजवळ सगळेच प्रथिनाचे बनलेले असते, तेव्हा या दिवसांत नुसत्या धान्यावर ठेवले तर नवी रजई लवकर विणली जात नाही. थोडी सुकट, शेंगदाण्याची पेंड किंवा बाजारातले लेअरचे खाद्य द्यावे. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. हिवाळ्यात मेथी-कोथिंबिरीचे देठ बाजारात पायलीने पडलेले असतात, तेही त्यांना आवडतात.

पाणी रात्री खुराड्यात ठेवू नये. अंधारात त्या पीत नाहीत, सांडतात मात्र, आणि गादी भिजते. सकाळी रात्रीचे शिळे गार पाणी देण्याऐवजी बोअरचे ताजे काढलेले पाणी द्यावे. ते पहाटे कोमट असते आणि कोंबड्या पोटभर पितात. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच आहे. पाणी कमी प्यायली तर अंडे कुठून देणार?

तरीही अंडी कमी होतातच, आणि याचा दोषही थंडीला दिला जातो. खरे कारण उजेड आहे. कोंबडीला नियमित अंडी द्यायला चौदा तासांच्या वर उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. फार्मवाले दिव्याने ही तूट भरून काढतात. घरीही एलईडीचा लहानसा दिवा पहाटे चारला लावून दिवस उजाडेपर्यंत ठेवता येतो. संध्याकाळी लावू नये, कारण दिवा एकदम विझला की कोंबड्यांना काठी दिसत नाही आणि त्या खालीच बसून राहतात. मात्र अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणारी. अधूनमधून खुडूक होणे तिच्या स्वभावातच आहे. तिच्यासाठी विजेचे बिल वाढवण्यात आम्हाला फायदा दिसत नाही. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा अशा सुधारित जातीच्या पंधरा-वीस कोंबड्या असतील तर हिशेब वेगळा.

ऊब मिळावी म्हणून दिवा लावणाऱ्यांना सांगणे आहे की एलईडीत ऊब नसते. जुन्या पिवळ्या बल्बने ऊब येते, पण भुसा, बारदान आणि कोंबड्यांची फडफड यांच्यामध्ये लोंबता गरम बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. आमचा धंदा कापडाचा, आगीची भीती आम्हाला इतरांपेक्षा जास्त वाटते, हे मान्य. पण मोठ्या कोंबड्यांना बल्बची गरजच नाही, तर धोका का घ्यावा? बंद खुराड्यात कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये. तिच्या वायूला वास नसतो, धूर दिसत नाही, आणि सकाळपर्यंत सगळा कळप गेलेला असतो. खुराडे घराला लागून असेल तर माणसांच्याही जिवावर बेतते.

पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगावर रजई नसते, नुसती लव असते, म्हणून त्यांना बाहेरून ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जावे. सर्वांत स्वस्त आणि भरवशाची ऊब खुडूक कोंबडीच्या पंखाखालची. डिसेंबर-जानेवारीत पिल्ले काढायची तर तिच्याच भरवशावर काढावीत. बाजारातून एक दिवसाची पिल्ले आणली असतील तर सुताचे कोन येतात त्या खोक्यात, भुशावर कागद पसरून, वर तारेने पक्का बांधलेला पिवळा बल्ब लावावा. थर्मामीटर नसला तरी चालते, पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर उकडते आहे, बल्ब वर घ्यावा. सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर समोरून कुठून तरी झोत येतो आहे, तो शोधावा. चौफेर पांगून दाणे टिपत असतील तर सगळे ठीक. रात्री वीज जाते तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात, फडक्याला सुटे धागे नकोत.

रोगांची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, ती इथे लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. फक्त राणीखेतची लस हिवाळ्यापूर्वी झालेली असावी, कारण त्या रोगाला औषध नाही, लसच आहे. लसीच्या कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि उघडल्यावर ती लगेच वापरावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवून एकच कुपी बर्फातून आणली तर दर कोंबडीला नाममात्र खर्च पडतो. आणखी एक. एक-दोन कोंबड्या शिंकणे वेगळे, आणि एका रात्रीत चार-पाच मरणे वेगळे. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला तो पहिलाच. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही निघाला. दोन्ही वेळा हिवाळाच होता. अशी एकाएकी मर लागली तर उरलेल्या घाईने विकू नयेत, मेलेल्या नाल्यात टाकू नयेत, दवाखान्यात ताबडतोब कळवावे. आजारी माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे कुठल्याच धंद्यात चालत नाही.

कोकणातल्या आणि भिवंडीकडच्या वाचकांना वाटेल की आमच्याकडे एवढी थंडी कुठे. थंडी नसली तरी दव आहे, आणि पत्र्याखाली बंद केलेले खुराडे तिथेही तसेच घामाघूम होते. त्यांनी उत्तरेचा आडोसा कमी केला तरी चालेल, वरची फट मात्र मालेगावपेक्षा मोठी ठेवावी.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपार तापू लागली की पडदे आणि छपरावरची बारदाने टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात करावी, रात्रीचा आडोसा शेवटी. बारदाने झटकून, उन्हात दोन दिवस तापवून, घडी करून कोरड्या जागी ठेवली तर पुढच्या साली पुन्हा कामाला येतात, आमच्याकडे फेरी मारावी लागत नाही. हिवाळाभराची गादी एकदम उपसावी. ती ताजी झाडाला घातली तर मूळ जळते, म्हणून खड्ड्यात टाकून, पाणी मारून दोन-तीन महिने कुजवावी. कांदा आणि डाळिंबवाले शेतकरी हे खत पोत्याच्या भावाने घेतात, तेव्हा पोती मोजूनच द्यावीत.